जड सामान

१६२३च्या पावसाळ्यात एक माणूस बायको, लेकरं, उरलेसुरले स्वार आणि काही हत्ती घेऊन माहूरला पोचला. मागे फौज लागली होती आणि ती फौज त्याच्या बापाची होती. भर पावसात तापी ओलांडावी लागली होती, वाटेत बरेच सरदार साथ सोडून गेले होते. माहूरला त्यानं हत्ती आणि जड सामान उदाजीराम नावाच्या सरदाराच्या हवाली केलं आणि हलका होऊन तो गोवळकोंड्याच्या मुलखाकडे निघाला. लेकरं बरोबर घेतली.

माणसाचं नाव खुर्रम. जहांगीर बादशहाचा मुलगा. शहाजहान ही पदवी त्याला बापानंच १६१७ साली दिली होती, दख्खनमधल्या कामगिरीबद्दल. सहा वर्षांनी त्याच दख्खनमध्ये तो बापापासून पळत होता, आणि बाप आपल्या आत्मचरित्रात त्याचं नाव टाळून 'बेदौलत' असं लिहायला लागला होता. बेदौलत म्हणजे करंटा.

मी किनवटचा. माहूर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. लहानपणापासून किती वेळा गेलो असेन त्याचा हिशोब नाही. रेणुकामातेच्या पायऱ्या, तांबुलाचा प्रसाद, मग दत्तशिखर, अनसूयामाता, आणि परतीच्या गाडीत हमखास कुणाला तरी उलटी. किल्ल्यावर मात्र कधी कुणी न्यायचं नाही. 'तिथं काय पाहायचंय, झाडंच हायेत' असं म्हणून विषय संपायचा. त्या किल्ल्याला हत्ती दरवाजा आहे हे मला माहीत होतं. पण एका शहजाद्याचं बिऱ्हाड माहूरला थांबलं होतं, त्यात एक पाचेक वर्षांचा औरंगजेब होता, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. तेही हैदराबादच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, रात्री अडीच वाजता, मांडीवर लेक झोपलेली असताना.

तेव्हा ती तीन महिन्यांची होती. रात्रीची पाळी माझी असायची. मांडीवरचं मूल खाली ठेवलं की उठायचं, म्हणून मी तिला तसंच घेऊन लॅपटॉपवर युरोपा युनिव्हर्सालिस खेळत बसायचो. हा गेम कॉलेजच्या होस्टेलपासूनचा आहे. एक देश घ्यायचा आणि चारशे वर्षं चालवायचा. त्यात प्रत्येक राजाला वारस असतो आणि वारसाला तीन आकडे असतात: कारभार, मुत्सद्देगिरी, लष्कर. शून्य ते सहा. वारस नालायक निघाला की त्याच्यापासून सुटका कशी करून घ्यायची याच्या युक्त्या लोक एकमेकांना शिकवतात. पंधरा वर्षांचा मुलगा सैन्यासोबत पाठवून तो मेला तर बरं, असा विचार मी स्वतः शांतपणे केलेला आहे. मांडीवर मूल असताना त्याच बटणाकडे पाहिलं तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं.

मी पॅलॅटिनेट खेळत होतो. जर्मनीतलं ऱ्हाईनकाठचं संस्थान, राजधानी हायडेलबर्ग. खेळता खेळता त्या घराण्याचा खरा राजा कोण होता ते वाचायला लागलो आणि त्याच्या मुलांपाशी अडकलो. त्याचं नाव फ्रीडरिश पाचवा. १६१३ साली त्यानं इंग्लंडच्या राजकन्येशी, एलिझाबेथशी लग्न केलं. १६१९ मध्ये बोहेमियाच्या लोकांनी त्याला आपला मुकुट देऊ केला आणि त्यानं तो घेतला. नवराबायको प्रागला निघाली. थोरला मुलगा बरोबर घेतला, मधला कार्ल लुडविग आणि धाकटी एलिझाबेथ हायडेलबर्गला आजीकडे ठेवली. एलिझाबेथ वर्षाचीही नव्हती.

प्रागचं राज्य कसंबसं वर्षभर टिकलं. ८ नोव्हेंबर १६२० ला व्हाईट माउंटनच्या लढाईत सैन्य मोडलं आणि राजवाड्यात पळापळ झाली. प्रागमध्ये जन्मलेला त्यांचा मुलगा रूपर्ट तेव्हा दहा-अकरा महिन्यांचा होता. सामान भरायच्या घाईत तो मागेच राहिला होता आणि अगदी शेवटच्या क्षणी कुणीतरी त्याला गाडीत टाकलं, असं सांगतात. फ्रीडरिशला लोकांनी 'एका हिवाळ्याचा राजा' असं चिडवलं. हायडेलबर्गही गेलं. कुटुंब हॉलंडमध्ये हेगला आश्रयाला राहिलं आणि आजीकडची ती मुलगी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत आजीकडेच राहिली. आईबापांकडे आली तेव्हा तिथं नवी भावंडं होती, नवी भाषा होती. एकूण तेरा बाळंतपणं झालेल्या त्या आईबद्दल धाकटी मुलगी सोफी हिनं पुढे आठवणींत लिहून ठेवलंय की आईला आमच्यापेक्षा तिची माकडं आणि कुत्री जास्त आवडायची.

ही एलिझाबेथ जन्मली डिसेंबर १६१८ मध्ये. मला उगाच खाज आली की त्याच सुमाराला आपल्याकडे कोण जन्मलं होतं. उत्तर एका सेकंदात आलं: नोव्हेंबर १६१८, दाहोद, औरंगजेब. मग त्याच्या लहानपणाबद्दल वाचत गेलो आणि वाचता वाचता 'माहूर' हा शब्द आला. मी तो दोनदा वाचला. लेकीला धक्का बसू नये म्हणून हललो नाही एवढंच.

औरंगजेब म्हटलं की आपल्याकडे संभाषण कुठं जातं हे मला माहीत आहे. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्याच्या नावानं वर्षातून दोनदा तरी भांडण होतं. १६८९ मी विसरलेलो नाही. पण त्या रात्री माझ्यासमोर पाचेक वर्षांचं एक पोरगं होतं, आणि ते पोरगं आमच्या जंगलातून चाललं होतं.

त्याच्याबरोबर कोण होतं तेही बघा. नऊ वर्षांची जहाँआरा, आठ वर्षांचा दारा. आणि आई, अर्जुमंद बानू, जिला आपण मुमताजमहल म्हणतो. १६१२ मध्ये लग्न झाल्यापासून त्या अकरा वर्षांत तिची नऊ बाळंतपणं झाली होती. नवातली तीन लेकरं गेली होती, त्यातली दोन आदल्याच वर्षी. ताजमहालाच्या सगळ्या गोष्टी आपल्याला ठाऊक असतात, पण ही बाई पावसाळ्यात माहूरच्या चिखलातून गेली असेल हे डोक्यात येत नाही. माहूरहून तेलंगणाकडे उतरायचं म्हणजे आमचा सागवानाचा मुलूख ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आजही जून-जुलैत तिथल्या आतल्या गावांत जाणं किती अवघड होतं ते विचारा एखाद्या शिक्षकाला.

हे सगळं कशामुळे, तर वारसाच्या भांडणामुळे. जहांगीर आजारी, दारू आणि अफूनं पोखरलेला. नूरजहाँनं आपल्या पहिल्या लग्नाच्या मुलीचं लग्न खुर्रमचा धाकटा भाऊ शहरयार याच्याशी लावून दिलं, तेव्हाच खुर्रमला पुढचं दिसलं असणार. मोठा भाऊ खुस्रौ १६२२ मध्ये बुऱ्हाणपुरात मेला, तो खुर्रमच्याच ताब्यात असताना, आणि त्याचं बालंट खुर्रमवर आलं ते उगाच आलं नाही. मग इराणच्या शाहनं कंदाहार घेतलं, बापानं खुर्रमला तिकडे जा म्हणून सांगितलं, हा गेला नाही. आपली पाठ वळली की राजधानीत काय होईल याची भीती. त्यातून बंड, १६२३ मध्ये बिलोचपूरला पराभव, मग मांडू, असीरगड, बुऱ्हाणपूर, माहूर. मलिक अंबरकडे मदत मागितली, त्यानं दिली नाही. गोवळकोंड्याच्या कुतुबशहानं थोडीफार मदत केली आणि आपल्या मुलखातून मच्छलीपट्टणकडे जाऊ दिलं. म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला जसं चहा पाजून पुढच्या गाडीत बसवून देतात तसं. मच्छलीपट्टणहून ओरिसा, बंगाल, तिकडे पुन्हा पराभव, आणि पुन्हा दख्खन.

उदाजीरामाचं काय झालं? आपल्याकडच्या लिखाणात तो 'माहूरचा राजे उदाराम'. पुढच्याच वर्षी, १६२४ मध्ये, नगरजवळ भातवडीची लढाई झाली तेव्हा तो बादशाही बाजूला उभा होता. मला यात फार विश्वासघात दिसत नाही. दोन सत्तांच्या मधे जमीन असलेल्या माणसाला कुणाचे हत्ती किती दिवस सांभाळायचे याचा रोज हिशोब करावा लागतो. याच घराण्यातली सावित्रीबाई, जिला औरंगजेबानं 'रायबागन' पदवी दिली असं सांगतात. २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांनी कोंडली तेव्हा ती त्या फौजेत होती, आणि शरण जाऊन वाट मागून घे असं खानाला सुनावणारी तीच. 'शिवभारता'त हा प्रसंग आहे. आमच्या भागातली एवढी मोठी बाई, आणि आम्हाला तिचं नाव शाळेत दोन ओळींत सांगून संपलं.

पण मी अडकलो होतो तो पुढच्या तीन वर्षांनंतरच्या तहात. १६२६ मध्ये खुर्रम दमला, आजारी पडला, त्यानं बापाची माफी मागितली. अटी अशा ठरल्या: असीरगड आणि रोहतास हे किल्ले द्यायचे आणि दारा व औरंगजेब ही दोन मुलं दरबारात ओलीस पाठवायची. दारा अकरा वर्षांचा, औरंगजेब साडेसात.

ओलीस म्हटलं की अंधारकोठडी डोळ्यांपुढे येते. पण ही मुलं गेली कुठं? जहांगीर त्यांचा सख्खा आजोबा. नूरजहाँ आजोबांची बायको, शिवाय त्यांच्या आईची सख्खी आत्या. मुमताजचे वडील असफखान, म्हणजे मुलांचे दुसरे आजोबा, त्याच दरबारात होते. कुणी विचारलं असतं की मुलं कुठं आहेत, तर आजीआजोबांकडे आहेत, हे उत्तर शंभर टक्के खरं होतं.

या वाक्यापाशी मी लॅपटॉप बंद केला. कारण आमच्या घरात तेव्हा हेच वाक्य चालू होतं.

बायकोची सहा महिन्यांची रजा संपत आली होती. तिची कंपनी आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला बोलावते, माझी चार दिवस. पाळणाघरं बघितली. एका ठिकाणी बारा मुलांमागे दोन बाया, टीव्हीवर मोठ्या आवाजात गाणी. आई फोनवर रोज म्हणायची, "काहून परक्या बाईपाशी ठिवता पैशे देऊन? आणा इकडं. मी काय मेले का?" तिला हैदराबादला येऊन राहता येत नाही, बाबांना सोडून. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, त्यांची तिथली सगळी व्यवस्था बसलेली. म्हणजे लेकीलाच न्यावं लागणार. दिवाळीपर्यंत, मग बघू.

बायकोनं एकदाच विचारलं, "तू पण राहिलायस ना आजीकडे? कसं वाटायचं?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

आठवतं. चार वर्षांचा होतो तेव्हापासून सातव्यापर्यंत मी गोकुंद्याला आजीजवळ होतो. बाबा निजामाबादला लॉरीवर होते, तिथं एक खोली, आणि धाकटा भाऊ सतत आजारी. आजीला मी माय म्हणायचो आणि आईला आई. आजीकडे मला काही कमी नव्हतं. रेल्वेचे रूळ, पैनगंगेच्या काठचे खेकडे, दोन आत्या, वाटीभर साय. आई दोन-तीन महिन्यांनी यायची. पहिल्या दिवशी मी कणगीमागे लपायचो. दुसऱ्या दिवशी तिला चिकटायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो की ती नसायची. दर वेळी झोपेतच सोडून जायची. मग मी रात्री तिचा पदर मुठीत धरून झोपायला लागलो, तरी सकाळी मुठीत काही नसायचं.

एवढंच. यातून मी काही बिघडलो वगैरे नाही. आणि इतिहासातून असं काही काढताही येत नाही, मी प्रयत्न करून पाहिला. लहानपणी ओलीस ठेवला म्हणून औरंगजेब तसा झाला, असं सोपं समीकरण मांडावं तर त्याच्याच बरोबर दारा होता. त्याच वाड्यात, तेवढेच महिने. तो उपनिषदांचं फारसीत भाषांतर करणारा झाला आणि १६५९ मध्ये भावाच्या हुकमानं मारला गेला. तिकडे आजीकडे वाढलेली एलिझाबेथ २४ वर्षांची असताना देकार्तला पत्र लिहून विचारते की मन जर शरीराहून अगदी वेगळं असेल तर ते शरीराला हलवतं कसं. त्याला तिला नीट उत्तर देता आलं नाही. त्यानं १६४४ चा ग्रंथ तिला अर्पण केला.

आणि खुर्रम स्वतः? तोही आजीकडे वाढलेला. १५९२ मध्ये जन्मल्यावर सहाव्या दिवशी आजोबा अकबरानं त्याला आईपासून घेऊन आपल्या बेगमेकडे, रुकैयाकडे दिलं. तिला मूल नव्हतं. तिनं त्याला पोटच्या पोरापेक्षा जास्त माया लावली असं जहांगीरनं लिहिलंय. अकबर मरायला टेकला तेव्हा तेरा वर्षांचा खुर्रम, आईबापांनी बोलावूनही, आजोबांच्या बिछान्यापासून हलला नाही. त्यानंतर कुठं तो स्वतःच्या आईकडे, जगत गोसाईंकडे राहायला गेला. एवढं आजोबांवर प्रेम केलेल्या माणसाला आपली मुलं आजोबांकडे पाठवताना काय वाटलं असेल? कदाचित फारसं काही नाही. त्याच्यासाठी मुलं आजोबांकडे असणं हीच रीत असेल.

१६२७ च्या अखेरीस जहांगीर वारला तेव्हा खुर्रम आपल्या जुन्नरला होता. असफखानानं लाहोरकडे आधी नातवांना नूरजहाँच्या ताब्यातून काढलं, मग जावयासाठी गादी मोकळी केली. जावयाच्या हुकमानं शहरयार आणि खुस्रौचा मुलगा असे घरातलेच मारले गेले. आपली मुलं सुखरूप आली त्या दिवसांत भावाची मुलं संपली. १६२८ मध्ये आग्र्याला मुलं परत भेटली. तो प्रसंग बिचित्र नावाच्या चित्रकारानं काढलेला आहे. 'पादशाहनाम्या'तलं ते पान आता इंग्लंडच्या राजघराण्याकडे, विंडसरला आहे. मी ते फोनवर मोठं करून पाहिलं. वर झरोक्यात बाप, त्याच्यासमोर तीन मोठे मुलगे, सासरा वाकलेला, खाली दरबारी. मुमताज त्यात नाही. दरबाराच्या चित्रात बायका नसायच्याच. तीन वर्षांनी, १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात ती बुऱ्हाणपूरला गेली. मुलं ओलीस पाठवायचं ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं का, हे कुठल्याही पानावर नाही.

लेकीचं उष्टावण किनवटला केलं. दुसऱ्या दिवशी माहूरला गेलो. बायको आणि बाळ सावलीत बसले होते, मी आणि आई पायऱ्या उतरत होतो. आईचे गुडघे दुखतात म्हणून दर दहा पायऱ्यांना थांबायचं. अशाच एका थांब्यावर मी विचारून टाकलं. म्हटलं, तू मला झोपेत सोडून का जायचीस? रडेन म्हणून?

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. खाली बांगड्यांच्या दुकानाकडे बघत म्हणाली, "तू जागा आसलास तर माझंच पाऊल निघायचं न्हाई. म्हणून."

थोड्या वेळानं म्हणाली, "ठिवायचं तुझ्या आजीनं ठरिवलं आन् तुझ्या बापानं. मला कुणी इचारलं? भाकरी टाकताना कळालं मला." मग पुढच्या दहा पायऱ्या उतरून, "तुझी बायको काय म्हणालीय? तिला इचारलंस का?"

विचारलं होतं, असं मला वाटत होतं. तक्ता केला होता मी: खर्च, अंतर, महिन्याला किती फेऱ्या. त्या तक्त्यावर ती 'ठीक आहे' म्हणाली होती. त्या रात्री मी तक्ता न उघडता विचारलं. ती बराच वेळ बोलली. ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी लेक ठेवायचीच ठरली, पण दिवाळीपर्यंत नाही, दोन महिने. तेवढ्यात बायको टीम बदलून घरून काम मागणार, नाही मिळालं तर मी मागणार. आणि दर शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पहाटे किनवट.

निघायचा दिवस रविवार. दुपारी जेवणं झाली, लेक पाळण्यात झोपली. सामान गाडीत ठेवलं. आम्ही दोघं पाळण्यापाशी उभे राहिलो, बायकोनं तिच्या पायाला हात लावला आणि दाराकडे वळली.

आई दारात उभी होती. म्हणाली, "उठवा तिला."

"आई, रडेल ती," मी म्हणालो.

"रडू दे. जागी करा आन् मग जा."

बायकोनं तिला उचललं. लेक आधी हसली, मग आमचे बूट बघितले की काय कोण जाणे, तोंड वाकडं केलं. आईनं तिला खांद्यावर घेतलं आणि अंगणात येऊन उभी राहिली, आत गेली नाही. गाडी वळणापर्यंत जाईतो रडणं ऐकू येत होतं. आदिलाबादच्या रस्त्याला लागलो तरी बायकोनं काच वर केली नव्हती.